स्ट्रेंजर ऑन द थर्ड फ्लोअर: कोर्टाच्या बातम्या करणाऱ्यांनी बघायलाच हवा

क्राइम आणि कोर्ट बघणाऱ्या आमच्या नवीन पोरांना मी हा पिक्चर आग्रहानं दाखवतो. परवा कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या पेपरच्या ऑफिसात अंक छपाईला सोडल्यावर पुन्हा लावला. १९४० चा, हॉलिवूडच्या आरकेओ कंपनीचा, कमी खर्चातला कृष्णधवल. जेमतेम ६४ मिनिटांचा. दिग्दर्शक बोरिस इंग्स्टर.

माइक वॉर्ड हा बातमीदार एका खुनाच्या खटल्यात मुख्य साक्षीदार असतो. कॉफी शॉपच्या मालकाच्या गळा चिरलेल्या प्रेताजवळ त्यानं ब्रिग्ज नावाच्या पोराला पाहिलेलं. वार करताना मात्र पाहिलेलं नाही. त्या बातमीमुळं माइकचं नाव होतं, पगार वाढतो, लग्न ठरतं. आणि ब्रिग्जवर मृत्युदंडाची वेळ येते. एलिशा कुक ज्युनियरनं साकारलेला तो भेदरलेला ब्रिग्ज, आणि त्याच खटल्यात डुलक्या काढणारा ज्यूरीतला माणूस, हे बघून मला दर वेळी चीड येते. आमच्याकडंही ‘आरोपी घटनास्थळी दिसला’ आणि ‘आरोपीनं वार केला’ ही दोन वाक्यं डेस्कवर पोचेपर्यंत एक होतात, निकालाआधीच मथळ्यात ‘खुनी’ छापून येतं. कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या कोर्टात रोज बसणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

मग माइकच्या शेजाऱ्याचा गळा तसाच चिरलेला सापडतो. त्याच्याशी भांडणं झालेली, जिवे मारीन असं माइक बोललेला. तो स्वतःच पोलिसांना दोन्ही खुनांतलं साम्य दाखवतो आणि आत जातो.

छायाचित्रकार निकोलस मुसुराका. जिन्याच्या कठड्याची सावली भिंतीवर पडते आणि साधी चाळवजा इमारत तुरुंगासारखी दिसायला लागते. माइकच्या स्वप्नाच्या प्रसंगात तर सेट जवळपास नाहीच, नुसत्या तिरक्या, अजस्र सावल्या. १९२३ च्या ‘सिंहगड’ या मूकपटासाठी कृत्रिम प्रकाशात चित्रीकरण करणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या गावात या कामाची कदर व्हायलाच पाहिजे.

जॉन मॅकग्वायरचा माइक मला फिका वाटला. खरा तपास त्याची होणारी बायको जेन करते. माइकनं इमारतीत पाहिलेल्या पांढऱ्या मफलरवाल्या अनोळखी माणसाचं वर्णन सांगत ती दारोदार फिरते. बातमीदारी तीच. त्या अनोळखी माणसाच्या भूमिकेत पीटर लॉरे फार थोडा वेळ आहे, पण तो भटक्या कुत्र्यासाठी कच्चं मांस मागतो तेव्हा अंगावर काटा येतो.

शेवट घाईचा आहे, योगायोगावर उरकलाय. तरी बघा, आणि खटल्याचा प्रसंग पळवून पुढं जाऊ नका.