घाटमाथ्याने जायचं की किनाऱ्याने? पुण्याहून गाडी काढणाऱ्यांसाठी

पाच-सहा दिवसांची सुट्टी आहे, घरची गाडी आहे आणि वाटेत मनसोक्त थांबत जायचंय, असं असेल तर पुण्याहून दोन वाटा हमखास डोळ्यांसमोर येतात. एक देशावरची: वाई, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, मग आजऱ्यावरून आंबोली आणि खाली सावंतवाडी. दुसरी ताम्हिणीतून माणगावला उतरून हरिहरेश्वर, आंजर्ले, गुहागर, गणपतीपुळे करत रत्नागिरीपर्यंत. मला दोन्ही मनापासून आवडतात. पण सोबत कोण आहे आणि महिना कोणता, यावर निवड ठरते.

महिन्याचं आधी बघा. जून ते ऑगस्ट किनाऱ्याची वाट नकोच. ताम्हिणीत पाऊस कोसळतो, दरडीची भीती असते, शनिवार-रविवारी धबधब्यांपाशी गाड्यांची रांग लागते. समुद्र खवळलेला, त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे ज्या ताज्या माशांसाठी कोकणात जायचं तेही नाहीत. याउलट सप्टेंबर देशावरच्या वाटेचा. साताऱ्याजवळचं कासचं पठार साधारण ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलतं. पश्चिम घाटासोबत २०१२ साली ते जागतिक वारसा यादीत गेलं, तेव्हापासून तिथली गर्दीही वाढली. जमलं तर आठवड्याच्या मधल्या वारी जा.

रस्त्याचं म्हणाल तर देशावर हायवे आहे. कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर. वाटेत खंबाटकी घाट लागतो, येताना बोगद्यातून यायचं. साताऱ्याच्या पुढे रुंदीकरणाच्या कामांमुळे वळवलेले रस्ते लागतात, त्याचा वेळ हिशोबात धरा. नोव्हेंबरपासून साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर मातीने झाकलेला असतो. त्या दिवसांत अंधार पडल्यावर त्या भागात गाडी चालवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

किनाऱ्याला वेगाची गोष्टच विसरायची. अरुंद रस्ता, वाडीतून जाणारी वळणं, समोरून एसटी आली की कडेला थांबणं. नकाशावर तीस किलोमीटर दिसले तर तास धरा. दिवसाला शंभर-सव्वाशेच्या वर आखणी करायची नाही.

पण याच वाटेवर तीन खाड्या गाडीसकट फेरीबोटीतून ओलांडायच्या असतात, आणि माझ्या मते सगळ्या प्रवासातला सर्वात सुंदर भाग तोच. बागमांडला ते वेश्वी सावित्रीच्या मुखाशी, दाभोळ ते धोपावे वाशिष्ठीवर, तवसाळ ते जयगड शास्त्रीवर. ओहोटी असली की धक्क्याचा उतार तीव्र होतो. बोटीवरचा माणूस हाताने खुणा करत एकेक गाडी इंचाइंचाने आत घेतो, कधी रिव्हर्समध्येसुद्धा. हॅंडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची, खाली उतरायचं आणि कठड्याला टेकून उभं राहायचं. मुलांना तर याचं भयंकर अप्रूप. बोटी ठरावीक वेळाने सुटतात. शेवटची चुकली तर हायवेकडे जाऊन भला मोठा वळसा पडतो, म्हणून सुटायच्या वेळा आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

गावं-शहरं बघायची असतील तर मात्र देशावरची वाट सरस. वाईचा ढोल्या गणपती, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाटावरची ती पोर्तुगीज घंटा यात अर्धा दिवस जातो. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर जरा बसा. कोल्हापूरला दोन मुक्काम हवेतच: एक दिवस अंबाबाई, रंकाळा आणि पन्हाळ्याचा, दुसरा खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा. तिथल्या स्वर्गमंडपात छताच्या जागी गोल मोकळं आकाश आहे. खाली उभं राहून वर बघितलं की खांबांची वर्तुळं एकात एक उघडत जातात. एवढं शिल्पवैभव इतकं जवळ असताना बरेच पुणेकर तिथे गेलेले नसतात, याचं मला वाईट वाटतं. शेवटी सावंतवाडीत लाकडी खेळणी आणि राजवाड्यातली गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, बघायची.

किनाऱ्यावर बघण्याची ठिकाणं विखुरलेली आहेत: आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णैचा संध्याकाळचा मासळी लिलाव, मालगुंडचं केशवसुतांचं घर. बाकी दिवस वाळूत आणि नारळी-पोफळीच्या सावलीत जातो.

जेवणाचा फरक लक्षात ठेवा. कोल्हापुरात तांबडा-पांढरा रस्सा कुठेही मिळेल. कोकणातल्या घरगुती खानावळीत मात्र सकाळीच फोन करून किती माणसं, मासे की शाकाहारी, मोदक हवेत का, हे सांगावं लागतं. न सांगता दोन वाजता पोचलात तर उपाशी राहाल. सांगून गेलात तर तसं जेवण शहरात कितीही पैसे मोजून मिळणार नाही.

आजी-आजोबा सोबत असतील, कुणाला औषधपाणी चालू असेल, तर मी देशावरची वाट सांगेन. हायवेवर स्वच्छतागृहं सापडतात आणि मोठी हॉस्पिटलं जवळ असतात. ताम्हिणीच्या वळणांनी ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठीही हेच. खर्चात फार अंतर नाही: एकीकडे टोलनाके, दुसरीकडे बोटीचं भाडं.

मुलं पाच-सहा वर्षांच्या पुढची, गाडी चालवणारे दोघं आणि महिना डिसेंबर ते फेब्रुवारी असेल, तर बेलाशक किनारा घ्या. परतीला रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरला या आणि एक रात्र तिथे राहून पुण्याला निघा, म्हणजे दुसऱ्या वाटेचीही चव मिळते. दिवाळी आणि नाताळच्या आठवड्यात किनाऱ्यावरच्या खोल्या फार आधी भरतात, तेव्हा मुक्काम ठरल्याशिवाय निघू नका.