थंडीपूर्वीची इंजिन सर्व्हिस: कंपूजवळच्या एका छोट्या गॅरेजचा अनुभव

ग्वाल्हेरच्या थंडीची कल्पना पुण्या-मुंबईकडच्या नातेवाइकांना सहसा येत नाही. जानेवारीत पहाटे पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, धुके बराच वेळ हलत नाही, आणि शहराच्या लश्कर भागातल्या अरुंद गल्लीत राहणाऱ्या आमच्यासारख्यांची गाडी रात्रभर उघड्यावरच उभी असते. माझ्या 2014 सालच्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर गेल्या हिवाळ्यात कण्हत कण्हत फिरायचा, इंजिन कसेबसे सुरू व्हायचे आणि पहिले काही सेकंद वरच्या भागातून टिकटिक ऐकू यायची. म्हणून यंदा दिवाळी आटोपताच कंपू या भागाच्या बाजूला असलेल्या, जेमतेम दोन गाड्या मावतील एवढ्या गॅरेजात थंडीपूर्वीची सर्व्हिस करून घेतली. आता जानेवारी सरल्यावर त्याविषयी लिहीत आहे.

मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी मागच्या सर्व्हिसचे बिल मागितले, हे मला विशेष वाटले. त्या बिलावर 20डब्ल्यू-50 ऑइल होते, गाडीच्या पुस्तिकेत मात्र 5डब्ल्यू-30 सांगितलेले आहे. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके ऑइल गारठ्यात पातळ राहते. 20डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे 15 अंशांना होते, तर 5डब्ल्यूची उणे 30 अंशांना. आपल्याकडे एवढी थंडी पडत नाही हे खरे. पण पाच अंशांनाही जाड ऑइल पंपाकडून वरच्या भागापर्यंत पोहोचायला वेळ घेते, आणि इंजिनाची झीज मुख्यतः याच कोरड्या सेकंदांत होते. मागच्या वेळी ते ऑइल घालणाऱ्याने ‘गाडी जुनी झाली, आता जाडच बरे’ असे सांगितले होते आणि मी मान डोलावली होती. यंदा 5डब्ल्यू-30 सिंथेटिक घातल्यापासून टिकटिक ऐकू आलेली नाही.

बॅटरीच्या बाबतीत मी नवी घेण्याची तयारी करूनच गेलो होतो. शून्य अंशाच्या आसपास बॅटरीची स्टार्टर फिरवण्याची ताकद सुमारे एक-तृतीयांशाने घटते, त्यामुळे ऑक्टोबरपर्यंत ठीक वाटणारी बॅटरी जानेवारीत दगा देते. मिस्त्रींनी बॅटरीची ताकद तपासणारा लोड टेस्टर लावला, टर्मिनलवरची पांढरट-हिरवी बुरशी सोड्याच्या कोमट पाण्याने धुतली, व्हॅसलीन लावले आणि म्हणाले, “बैटरी अभी मत बदलिए, एक जाड़ा और निकाल देगी।” आणि खरोखरच हिवाळा निघाला.

खरे कौशल्य दिसले ते थर्मोस्टॅटच्या, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेच्या, निदानात. गाडी कितीही चालवली तरी तापमानाचा काटा मध्यापर्यंत जात नाही, ही तक्रार मी सहज बोलता बोलता केली होती. त्यांनी थंड इंजिन सुरू केले आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर, म्हणजे रबरी नळीवर, हात ठेवून ते शांतपणे उभे राहिले. झडप नीट असेल तर इंजिन साधारण 82 ते 88 अंशांना पोहोचेपर्यंत ती होज गारच राहते आणि मग एकाएकी तापते. माझ्या गाडीत ती पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेली. त्यांनी माझाही हात तिथे ठेवायला लावला. झडप उघडीच अडकली होती, म्हणजे इंजिन तापण्याआधीच त्याची ऊब रेडिएटरमधून वाया जात होती. इंजिन असे थंड राहिले की कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो, त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरची ऑइलची पातळ साय धुऊन खालच्या ऑइलमध्ये मिसळते, आणि ॲव्हरेज घटते ते वेगळेच. नवा थर्मोस्टॅट बसवताना त्यांनी कूलंटही निम्मे डिस्टिल्ड पाणी घालून भरले. हे मिश्रण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नसले तरी ग्वाल्हेरकरांना त्याचा खरा उपयोग गंज रोखण्यासाठी आणि मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत आहे.

एक गोष्ट मात्र आमच्याच घरची निघाली. प्रीमियर पद्मिनीच्या काळापासून बाबा थंडीत बॉनेटवर जुनी रजई टाकतात, आणि त्या उबेला आलेल्या उंदरांनी रजईतला कापूस ओढून एअर फिल्टरच्या डब्यामागे घरटे केले होते. सुदैवाने एकाच वायरचे आवरण कुरतडलेले होते. त्यावर टेप गुंडाळून काम भागले.

सकाळी दहा मिनिटे गाडी जागेवर तापवण्याची सवयही बाबांचीच. चोक ओढून कार्ब्युरेटरची गाडी सुरू करण्याच्या काळात ती योग्य होती. फ्युएल इंजेक्शनच्या आजच्या गाडीला अर्धे ते एक मिनिट पुरे, आणि मग काटा वर येईपर्यंत हलक्या पायाने चालवावी, कारण जागेवर उभे इंजिन फार सावकाश तापते. मिस्त्रींनी हे बाबांना एवढ्या अदबीने समजावले की त्यांनी निदान वाद घातला नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. घरी येऊन सपाट जागेवर डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहिली, तेव्हा ऑइल वरच्या खुणेपेक्षा बोटभर जास्त होते. जास्तीचे ऑइल इंजिनातल्या फिरत्या क्रँकशाफ्टने घुसळले जाऊन फेसाळते, म्हणून दुसऱ्या दिवशी परत जावे लागले. त्यांनी कुरकुर न करता ते काढून दिले. पण ही चूक मुळात व्हायला नको होती. शिवाय बसायला जागा नाही, आणि दोन तास सांगून चार तास लागले. पक्के बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. ऑइल 2,100, फिल्टर 150, थर्मोस्टॅट 850, कूलंट 500 आणि मजुरी 700, असे एकूण 4,300 रुपये झाले. जाणार असाल तर सकाळी उघडताच जा आणि गाडी आदल्या रात्रीपासून बंद राहिलेली असू द्या, म्हणजे होजवर हात ठेवून होणारी ती परीक्षा नीट होईल. निघण्यापूर्वी डिपस्टिक स्वतः पाहा.