बी.एस्सी. फिजिक्स: गाईड घ्यावं की ओपनस्टॅक्सची प्रकरणं छापून घ्यावीत?

सोयाबीन आडतीवर गेल्याशिवाय आमच्या घरी पुस्तकांसाठी पैसा मोकळा होत नाही, आणि कॉलेज तर त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. परभणीत खोली करून बी.एस्सी. करताना मी पहिल्या वर्षी गाईडं घेतली, दुसऱ्या वर्षापासून ओपनस्टॅक्सची फुकट ऑनलाइन पाठ्यपुस्तकं वापरली. आता धाकटी बहीण फिजिक्सला गेलीय, त्यामुळे तोच हिशोब पुन्हा मांडावा लागला.

गाईडची सोय खरी आहे. युनिट आपल्या विद्यापीठाच्या क्रमानं असतात, मागच्या पेपरांतले प्रश्न उत्तरांसह मिळतात, परीक्षेच्या आदल्या रात्री तेच हाताशी येतं. सीनियरकडून जुनं घेतलं तर स्वस्तही पडतं. मात्र मध्येच अभ्यासक्रम बदलला की त्यातलं बरंचसं निरुपयोगी होतं.

पण माझं मन गाईडवरून उतरलं ते एका न्यूमेरिकलमुळे. ३० अंशांच्या उतारावरून भरीव सिलिंडर न घसरता गडगडत येतो, त्वरण काढा. गाईडात उत्तर होतं ४.९. माझं दर वेळी ३.२७ येत होतं. दोन संध्याकाळी मी स्वतःचीच चूक शोधत बसलो, चार कागद भरले, आपल्याला फिजिक्स जमणार नाही असंही वाटून गेलं. शेवटी ओपनस्टॅक्सच्या 'युनिव्हर्सिटी फिजिक्स' खंड १ मधलं ११ वं प्रकरण उघडलं. त्यात हेच उदाहरण सोडवलेलं आहे: त्वरण g sin θ च्या दोन तृतीयांश, म्हणजे ३.२७. गाईडवाल्यानं सिलिंडरचं फिरणं धरलंच नव्हतं, नुसता घसरणारा ठोकळा सोडवला होता. यंदा बहिणीसाठी त्याच गाईडची 'सुधारित आवृत्ती' पाहिली. मुखपृष्ठ नवं, उत्तर तेच ४.९.

राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची पुस्तकं २०१२ पासून येताहेत. त्यांच्यातही चुका निघतात, पण वाचकाला त्या कळवता येतात आणि दुरुस्त्यांची यादी सगळ्यांना दिसते. माझ्यासाठी फरक एवढ्यावरच पडला. फाईल फुकट आहे, एकदा उतरवली की नेट लागत नाही, आणि या पुस्तकाच्या परवान्यात छापून घ्यायला मोकळीक असल्यानं झेरॉक्सवाल्याकडे बिनधास्त जाता येतं.

अडचणीही सांगायला हव्यात. आपल्या युनिटांशी त्याचा क्रम जुळत नाही. इंग्रजी सोपं आहे, तरी मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला पहिला महिना जड जातो. माझ्या बहिणीला गेलाच. मोबाईलच्या स्क्रीनवर समीकरणं वाचून डोळे दुखतात. गणितांची उत्तरं मागे दिली आहेत, पण फक्त विषम क्रमांकांची. एखादं डेरिव्हेशन परीक्षेत लिहायच्या पद्धतीनं हवं असेल तर मी इग्नूच्या ई-ज्ञानकोशातली (म्हणजे त्यांच्या ऑनलाइन संग्रहातली) पुस्तिका बघायचो. तीही फुकट आहे आणि आपल्या शिकवण्याच्या ढंगाला जवळची वाटते.

ज्यांना पेपर पास होण्यापुरताच हा विषय हवाय, त्यांना गाईड पुरेल. मी नाही म्हणणार नाही. पण पुढे एम.एस्सी. किंवा जॅमचा (आयआयटीतल्या एम.एस्सी.साठीच्या प्रवेश परीक्षेचा) विचार असेल, तर अख्खा खंड न छापता आधी १० वं आणि ११ वं प्रकरण तेवढं पाठपोट झेरॉक्स करून स्पायरल करा. बहिणीनं तसंच केलंय. गाईड तिनं मैत्रिणीबरोबर अर्धे-अर्धे पैसे घालून घेतलं, तेही मागच्या पेपरांसाठी.