बुडबुडे येतात म्हणजे ऑक्सिजन येतो असं नाही

२८,५०० रुपये गेले. १०,००० ॲडव्हान्स फोनवरून, १८,५०० रोख, वर ६०० टेम्पोभाडं. मिनिटाला पाच लिटरचं जुनं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं मशीन, दुकानदारानं 'कोरोनात घेतलेलं, दोनशे तासबी चाललं नाही' म्हणून गळ्यात मारलं. थापा कशा मारतात ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यात शिरत नाही.

आमच्या आबांची हयात गुऱ्हाळात चुलवाणासमोर गेली. बिडी कधी ओढली नाही, तरी सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन कायमची धाप लावणारा फुफ्फुसाचा आजार. फुफ्फुसं पूर्ववत होणार नाहीत, पण इनहेलर नेमानं, दरवर्षी फ्लूची लस आणि दिवसाला निदान १५ तास ऑक्सिजन सांभाळला तर माणूस हिंडता-फिरता राहील, असं डॉक्टर म्हणाले. १५ तास सिलिंडर कुणाला परवडतो? 'स्वस्ताच्या मागं कशाला लागलास' म्हणणाऱ्यांनी आमचं औषधाचं बिल येऊन बघावं.

डोकं फिरतं ते दुकानातलं आठवून. त्यानं मशीन चालू केलं, पाण्याच्या बाटलीत बुडबुडे सुटले, नळी माझ्या गालाशी धरली. गार वारा लागला. मी म्हटलं, शुद्धता मोजून दाखवा. हसला. 'भाऊ, बुडबुडे दिसत्यात न्हवं?' आणि चहा सांगितला. तास दाखवणाऱ्या काचेवर वॉरंटीचा स्टिकर चिकटवलेला होता. एवढं मोठं मशीन, आणि स्टिकरला जागा सापडली ती बरोब्बर तिथंच! मला तो दिसला होता. पण घरी बाप धापा टाकत बसलेला असताना स्टिकर कोण खरवडत बसतो?

घरी बोटाला लावलेला ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन ८४ टक्क्यांच्या वर दाखवेना. डॉक्टरांनी आबांना ८८ ते ९२ सांगितलेलं. दुकानदार फोनवर म्हणतो, 'बोटं गार असतील, चोळा.' चोळली!

शेवटी दुसऱ्या मेकॅनिकनं ॲनालायझर लावला, मशीनमधून येणाऱ्या हवेत ऑक्सिजन किती ते मोजणारा. ५८ टक्के. पाहिजे ९० च्या वर. साध्या हवेतच २१ असतो. आत झिओलाइटचे दाणे असतात, ते नायट्रोजन धरून ठेवतात. ओल लागली की ते दाणे कामातून जातात, आणि आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. स्टिकरखाली ११,२०० तास. ऑक्सिजन कमी पडला की वाजणाऱ्या अलार्मची वायरसुद्धा काढलेली. ही नुसती लबाडी नव्हे, माणूस मरतो यानं.

पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, 'वस्तू दिली ना त्यानं? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जावा.' तिथं गेलो तर पक्कं बिल मागितलं. माझ्याकडं 'एस्टिमेट' लिहिलेला चिठोरा. औषधांवर देखरेख करणाऱ्या कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिथून 'साहेब मीटिंगला'. अर्जाची पोच मागितली तर कारकून माझ्याकडं असा बघतो जसा मीच भेसळवाला. एकानं तर 'आता मशीनचं काय करणार, विकून टाका' असा सल्ला दिला. कुणाला विकू? दुसऱ्याच्या बापाला?

जीएसटी नंबरचं बिल नसेल तर रुपया देऊ नका. सिरीयल नंबर बिलावर घ्या. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा, ग्राहक तक्रारीसाठी १९१५ आहे. आकडा घरी कमी दिसला तर नॉब स्वतः वाढवत बसू नका, सीओपीडीत जास्त ऑक्सिजनही घातक ठरतो. डॉक्टरांना फोन करा. शक्य असेल तर भाड्यानं घ्या, बिघडलं तर परत करता येतं. आणि ॲनालायझर पूर्ण पाच लिटरवर, मशीन निदान अर्धा तास चालल्यावर, तुमच्या डोळ्यांसमोर लावायला सांगा. नाही म्हणाला तर चहा तसाच ठेवून उठा.