पुरानंतर घेतलेला हॅम रेडिओ: चौदा महिन्यांचा अनुभव

आधीच सांगून टाकते. हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोकांनी लायसन्स घेऊन एकमेकांशी बोलायचा बिनतारी संच. ज्या कामासाठी मी तो घेतला, ते काम त्याने अजून एकदाही केलेलं नाही. तरी तो चौदा महिने माझ्या काउंटरमागे आहे आणि विकून टाकावा असं एकदाही वाटलं नाही.

चिपळूणच्या बाजारपेठेत माझं मेडिकलचं दुकान. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदी बाजारात शिरल्या तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर होतो. दुकान डोळ्यांदेखत गेलं. पण जीव टांगणीला लागला होता तो माहेरासाठी. आई आणि भाऊ कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला. लाइट नाही, मोबाइल म्हणजे नुसता टॉर्च. तिसऱ्या दिवशी ओळखीचा एक टेम्पोवाला चिखल तुडवत आला आणि "सगळी बरी हायत" एवढं सांगून गेला. पूर आला त्याच दिवशी, २२ जुलैलाच, महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली, हे आम्हाला मागाहून कळलं. डोंगराच्या पायथ्याला ज्याचं कुणी आहे, त्याला ते तीन दिवस कसे गेले हे सांगायला नको.

त्यानंतर एका गिऱ्हाइकाने, निवृत्त इंजिनियर काकांनी, मला त्यांच्या घरी नेऊन रेडिओ दाखवला. रेडिओची खोली, म्हणजे त्यांच्या भाषेत 'शॅक', हा जिन्याखालचा कोनाडा होता. इन्व्हर्टरची बॅटरी, एक जुना संच, आणि आंब्यापासून माडापर्यंत ताणलेली वीस मीटर तार. त्या तारेवर, ७ मेगाहर्ट्झला, त्यांनी भर दुपारी पुण्याच्या माणसाशी गप्पा मारल्या. मधे अख्खा सह्याद्री! तार मुद्दाम कमी उंचीवर बांधली की लहरी सरळ वर जातात आणि आकाशातून परतून आजूबाजूच्या तीनशे-चारशे किलोमीटरवर उतरतात, मग डोंगर आडवा येत नाही, हे त्यांनी समजावलं. मी त्याच दिवशी ठरवलं.

पहिली गोष्ट, जी विकणारे सांगत नाहीत: लायसन्सशिवाय असा संच नुसता घरात ठेवणंही बेकायदेशीर आहे. "संकटात कोण विचारतंय" म्हणून कपाटात टाकून ठेवू नका. आधी परीक्षा द्यायची, मग लायसन्स, मग संच. परीक्षा घेतं ते केंद्र सरकारचं दूरसंचार खातं, अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर. दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेडला मोर्स, म्हणजे ठिपके-रेघांची लिपी, लागत नाही आणि कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं आपलं ओळखनाव, व्हीयू३ ने सुरू होतं. जनरलला मोर्स लागतो आणि व्हीयू२ मिळतं. मी रिस्ट्रिक्टेड दिली. ओहमचा नियम, कपॅसिटर, अँटेना, कुठल्या पट्ट्यात बोलायचं आणि काय बोलायचं नाही. बीएस्सीनंतर वीस वर्षांनी रेझिस्टर पुन्हा भेटला. दीड महिना रात्री तासभर बसले, झालं. फॉर्मपासून कॉलसाइन हातात येईपर्यंत मात्र सात महिने, त्यातले दोन माझ्याच चुकीने: एका कागदावर घरचा पत्ता, दुसऱ्यावर दुकानाचा. असं करू नका.

परीक्षेतल्या एका नियमाने मला हसू आलं. हॅमवरून धंद्याचं बोलायचं नाही. म्हणजे घाऊकवाल्याला "दोन खोकी पाठव" म्हणायची सोय नाही. गाणी नाहीत, सांकेतिक भाषा नाही. जे बोलायचं ते कुणीही ऐकेल असं.

आता संचाबद्दल. काकांसारखा ७ मेगाहर्ट्झचा संच नव्हे, घेतली ती साधी, हातात धरायची चिनी 'हँडी': पाच वॅट, दोन बँड म्हणजे लहरींचे दोन पट्टे, किंमत साडेचार हजार. आपल्याकडे दोन मीटरचा पट्टा (नाव लहरीच्या लांबीवरून) १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. माझं नव्वद टक्के बोलणं तिथेच. आवाज स्वच्छ येतो. नुसती ऐकत ठेवली तर बॅटरी दिवसभर आरामात पुरते. बोलायला लागलं की भराभर उतरते. मोठी खोट चार्जरची. ज्यात संच उभा ठेवायचा तो चार्जरचा पाळणा भिंतीतल्या सॉकेटवरच चालतो, पॉवर बँकेवर नाही. पूर-वादळासाठी घेतलेली वस्तू आणि चार्ज करायला लाइट हवी! शेवटी गाडीच्या सॉकेटला लावायचा बॅटरीच्या आकाराचा डबा मागवला आणि तो इन्व्हर्टरच्या बारा व्होल्टवर जोडला. संच घेताना हा प्रश्न आधी विचारा. आणि पहिल्याच दिवशी मेनूत जाऊन ती बाई बंद करा, जी प्रत्येक बटणाला इंग्रजीत ओरडते.

पाऊस हा खरा परीक्षक. हँडी वॉटरप्रूफ नाही. मी ती झाकणाच्या डब्यात ठेवते आणि डब्यात गोळ्यांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकते. आमच्या धंद्यात त्यांना तोटा नाही.

खरा फरक पडला अँटेनाने. सोबत येणारं रबरी शेपूट दुकानात बसून दोन-तीन किलोमीटर गेलं तर पुष्कळ. मग काकांनी एका सॉकेटवर तांब्याच्या पाच तारा बसवून दिल्या, प्रत्येक साधारण ४९ सेंटीमीटर, एक उभी आणि चार खाली झुकलेल्या. ती आम्ही गच्चीवर चिव्याच्या काठीला बांधली. खर्च केबलसकट बाराशे. पाच वॅट तेच, पण ज्यांचा नुसता फुसफुसाट यायचा ती माणसं शेजारी बसल्यासारखी बोलायला लागली. महागडा संच घ्यायचा मोह झाला तर ते पैसे उंचीवर घाला.

पहिल्या जूनमध्येच दणका बसला. जोडावर नुसती इलेक्ट्रिकची काळी टेप गुंडाळली होती. पंधरा दिवसांत केबलीत पाणी उतरलं, अँटेना तपासायचा मीटर भलतंच दाखवायला लागला आणि माझा आवाज कुणालाच जाईना. सात मीटर केबल फेकली. आता एकजीव होणारी रबरी टेप, आणि घरात शिरण्याआधी केबलीला खाली एक झोल, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात वीज कडाडायला लागली की केबल काढून खिडकीबाहेर. यात आळस नको.

दर रविवारी सकाळी आमचं 'नेट', म्हणजे रेडिओवरची बैठक, भरतं. एक जण कारभारी, बाकीच्यांनी पाळीपाळीने हजेरी द्यायची. सुरुवातीला मला ते भजनी मंडळासारखं वाटायचं, त्याच माणसांचं तेच "फाइव्ह नाइन" (आवाज स्वच्छ येतोय), "सेव्हन्टी थ्री" (शुभेच्छा). यांच्यात पुरुष कितीही तरुण असो 'ओल्ड मॅन', आणि बाई कितीही म्हातारी असो 'यंग लेडी'. पन्नाशीजवळ आल्यावर हे ऐकायला वाईट नाही. पण बायका फार कमी आहेत. काकांनी पहिल्याच आठवड्यात भारती प्रसाद यांची गोष्ट सांगितली. डिसेंबर २००४ मध्ये त्या आपल्या चमूसह पोर्ट ब्लेअरहून जगभरच्या हॅमशी संपर्क साधत होत्या, त्सुनामी आली आणि अंदमानची खबर मुख्य भूमीला त्यांच्या संचावरून मिळू लागली.

निरोप देणं म्हणजे बोलणं नव्हे, हे मात्र नेटवरच शिकले. "पाणी खूप आहे" याला किंमत नाही. कुठल्या खुणेपर्यंत, किती वाजता, वाढतंय की उतरतंय, हे सांगायचं. समोरच्याने परत वाचून दाखवायचं. आणि आपले मराठी आकडे! खरखरीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत फरक कळत नाही, म्हणून "पाच नऊ", "सहा नऊ" असं सुटं बोलायचं. औषधाचं नाव तर एकेक अक्षर 'ए'ला अल्फा, 'बी'ला ब्राव्हो करत. सारख्या वाटणाऱ्या औषधांच्या नावांनी जन्मभर छळलंय मला, त्यामुळे हे लगेच पटलं. रिपीटरवर, म्हणजे आपला आवाज पकडून पुढे पाठवणाऱ्या उंचावरच्या संचावर, फार विसंबू नये हेही तिथेच कळलं; लाइट जाते तेव्हा तोही बसू शकतो. महिन्यातून एकदा आम्ही थेट संचावरून संच बोलतो. कोण कुणाला ऐकतो याचा तक्ता माझ्या भिंतीवर आहे.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री तो तक्ता कामी आला. नऊला लाइट गेली, अकराला नेटवर्क. बाजारात सगळे जागे. पोफळीच्या बाजूला एक हॅम राहतो. तो मला थेट ऐकू येत नाही, चढावरच्या काकांना येतो. दर अर्ध्या तासाला त्याच्याकडचा पाऊस काकांमार्फत माझ्या वहीत. कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणीही शेवटी वाशिष्ठीलाच मिळतं, त्यामुळे वर काय चाललंय याला आमच्याकडे फार अर्थ आहे. अधिकृत इशारा प्रशासनाचाच, आम्ही कुणाला घरं सोडा सांगत नाही. पण एक वाजता "जोर कायम" आलं तेव्हा मी इन्सुलिन बर्फाच्या डब्यात भरून माळ्यावर चढवलं. पावणेतीनला "थांबला". पाणी बाजारात आलं नाही. सकाळी सगळं पुन्हा खाली उतरवलं, कंबर धरली, आणि नवरा म्हणाला, "फुकट दमलीस." मला तसं वाटलं नाही.

ज्यांना हे सगळं झेपणार नाही त्यांच्यासाठी ४४६ मेगाहर्ट्झचे बिनपरवान्याचे छोटे वॉकीटॉकी आहेत. गल्लीतल्या गल्लीत ठीक. अँटेना बदलायची नाही, ताकद कमी.

आता माहेराचं. तिथे मला पोचता येत नाही, आणि कारण डोंगर नाही. डोंगराला काकांकडून वळसा घालता येतो. कारण इतकंच की तिथे कुणाकडे लायसन्स नाही. सात महिने धडपडून कॉलसाइन मिळवलं आणि मग उजेड पडला की समोर बोलणाराही हवा! भावाला विचारलं तर "तुझं तू बघ". पण भाचा चौदा वर्षांचा आहे आणि रिस्ट्रिक्टेडला वयाची अट बारा. गणपतीत तो आठ दिवस माझ्याकडे होता तेव्हा शेजारी बसून नेट ऐकायचा. मार्चमध्ये परीक्षा दिली, पास झाला. लायसन्स यायचं आहे. पत्त्याचे कागद या वेळी मी स्वतः तीनदा तपासले. तोवर फोनवर तो मला "आत्या, क्यूटीएच चिपळूण का? ओव्हर" म्हणतो (क्यूटीएच म्हणजे ठिकाण) आणि आईला वाटतं पोरगं बिघडलं.

त्याच्यासाठी घेतलेली दुसरी हँडी माझ्याच कपाटात आहे, खोक्यासकट. कॉलसाइन येईपर्यंत त्याला द्यायची नाही. दर महिन्याच्या एक तारखेला तिची बॅटरी तेवढी चार्ज करून ठेवते.