नववीच्या वर्गाला दाखवलेली ‘दारू आणि मेंदू’वरची अ‍ॅनिमेशन फिल्म

उपदेश कुठेच नाही, म्हणूनच आमच्या नववीच्या मुलांनी ती मन लावून पाहिली. दारू रक्तातून मेंदूत पोचते, मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा परिणाम वाढवते, त्याला चेतवणाऱ्या ‘ग्लुटामेट’चा कमी करते; हे थेट दोन चेतापेशींमधल्या फटीत नेऊन दाखवलंय. सगळ्यात भारी भाग हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतल्या नव्या आठवणी नोंदवणाऱ्या केंद्राचा. मुलगा पार्टीत नाचतोय, बोलतोय, पण त्याच्या आठवणींच्या वहीची पानं कोरीच उलटतायत. मागच्या बाकांवरच्यांनी तो पुन्हा लावायला लावला! निर्णय घेणारा पुढचा मेंदू साधारण वयाच्या 25 पर्यंत घडत असतो, हेही नीट आलंय. मराठी निवेदन मात्र फार घाईत उरकलंय. आणि दारूने बेशुद्ध पडलेल्या मित्राला कुशीवर वळवून 108 ला फोन करायचा, हे त्यात हवंच होतं. ते मी फळ्यावर लिहून दिलं.