प्राग: आत लूट आहे, असं सांगणारा बाहेर उभा होता

दोनशे युरो गेले. चौघांत मिळून, म्हणजे माणशी पन्नास. कुणी उपाशी राहिलं नाही, पण ते ज्या तऱ्हेने गेले ते आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात. ओळखीतली दोन कुटुंबं पुढच्या महिन्यात प्रागला निघाली आहेत, म्हणून सगळं लिहून टाकतेय.

आम्ही चौघं बर्लिनला नोकरीला. शुक्रवारी दुपारीच ऑफिसातून सटकलो आणि प्रागची ट्रेन पकडली. ड्रेस्डेन सोडलं की गाडी एल्बे नदीच्या काठाकाठाने जाते. तिथे खिडकीची जागा मिळाली तर सोडू नका, एवढं सांगते आणि मुद्द्यावर येते. चेक प्रजासत्ताक २००४ पासून युरोपियन युनियनमध्ये आहे, पण तिथे युरो चालवत नाहीत. त्यांचं चलन कोरुना. एका युरोला साधारण २५ कोरुना, हे आम्ही गाडीतच बघून ठेवलं होतं. तेवढा एक आकडा पाठ असल्याचा भलता आत्मविश्वासही आला होता.

संध्याकाळी वेन्सेस्लास चौकातून जुन्या शहराकडे चालत निघालो. त्या पट्ट्यात पैसे बदलून देणाऱ्या खिडक्या पावलापावलाला आहेत. एकीवर ‘कमिशन शून्य’ अशी मोठी पाटी दिसली म्हणून थांबलो. दाराशी लावलेला दर वाचला, तर एका युरोला १८ कोरुना! कमिशन शून्य कसं परवडतं ते तिथेच कळलं. ओंकार म्हणाला, “जाऊ दे ना, थोडेच बदलू इथे आणि चला.” मी म्हटलं, “वेडा आहेस का?” तुळशीबागेत दोनशेची ओढणी ऐंशीला आणणारी बाई मी, १८ चा दर घेणार होय?

तेवढ्यात शेजारी उभा असलेला माणूस बोलला. पन्नाशीचा, साधं काळं जाकीट, हातात किराण्याची पिशवी. “आत जाऊ नका,” तो इंग्रजीत म्हणाला. “चोर आहेत. मला युरोच हवेत, मी २५ ने देतो.”

इथेच आम्ही फसलो. कारण तो जे म्हणाला ते खरं होतं. आतला दर लुटीचाच होता, आम्ही स्वतः वाचला होता. खोटं बोलणारा माणूस आपल्याला ओळखता येतो असं वाटतं. पण हा तर आमच्याच मनातलं बोलत होता.

त्याने नोटा आमच्यासमोर मोजल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. प्रत्येक नोटेच्या कोपऱ्यात ठळक १००० दिसत होतं आणि डाव्या हाताचा अंगठा नोटेच्या मधोमध रोवलेला होता. त्या अंगठ्याचा अर्थ आता लागतो. दोनशे युरो गुणिले २५, पाच हजार, हिशेब चोख. मी नोट उलटून बघणार, तोच तो मान वळवून पुटपुटला, “पोलीस, पोलीस, आत ठेवा.” मी नोटा पर्समध्ये कोंबल्या. मागे वळून पाहिलं तर पोलीस नव्हता, आणि हाही नव्हता.

मुक्ता त्या वेळी पलीकडच्या गाडीवर ट्रडेल्निक घ्यायला रांगेत उभी होती. निखाऱ्यावर भाजलेल्या, साखर लावलेल्या त्या नळकांड्या. तिने कार्डाने पैसे दिले, हे विसरू नका. ती आमच्याबरोबर असती तर ही गोष्टच घडली नसती.

कारण जेवण झाल्यावर मी ऐटीत नोट काढली, तेव्हा वेट्रेसने ती उलटून पाहिली, टेबलावर ठेवली आणि काही न बोलता कार्डाचं मशीन आणायला गेली. तिला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही. मुक्ताने नोट उचलली. तिने पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन केलंय. अक्षरांवरून बोट फिरवत ती म्हणाली, “अगं, हे बेलारूस आहे.”

बेलारूसने २०१६ मध्ये चलनातली चार शून्यं उडवली, दहा हजार जुन्या रुबलचा एक नवा केला. म्हणजे आमचे पाच हजार जुने रुबल म्हणजे अर्धा नवा रुबल. आणि त्या जुन्या नोटा कधीच्याच बाद झालेल्या, त्यामुळे तोही नाही. खरी चेक हजाराची नोट नंतर पाहिली. तिच्यावर दाढीवाले इतिहासकार पालात्स्की आहेत, पाचशेवर लेखिका बोझेना न्येम्त्सोव्हा, आणि अक्षरं रोमन. आमच्या नोटेवर एक इमारत होती. दहा सेकंद फोनवर बघायचं काम!

पोलिसांत गेलो. त्यांनी शांतपणे लिहून घेतलं, काळ्या जाकिटाचं वर्णन ऐकून मान डोलावली. पुढे काही झालं नाही, होणारही नव्हतं.

खरा टोला रात्री हॉटेलच्या रिसेप्शनवर बसला. तिथल्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, “पावती आहे?” रस्त्यावरच्या माणसाची पावती! मग त्याने समजावलं की २०१९ पासून तिथे कायदा आहे. परवाना असलेल्या खिडकीवर एक हजार युरोपर्यंतची रक्कम बदलली आणि दर पटला नाही, तर तीन तासांच्या आत पावती घेऊन परत जायचं. कारण सांगावं लागत नाही, पैसे जसेच्या तसे परत द्यावे लागतात. म्हणजे ज्या लुटारू खिडकीला आम्ही शहाणपणाने टाळलं, तिथला मूर्खपणा तीन तास दुरुस्त करता येत होता. बाहेरच्या प्रामाणिक माणसाचा नाही.

तिकडे गेलात तर आधी बँकेला लागून असलेलं एटीएम शोधा. मशीन विचारेल, “युरोत रूपांतर करून देऊ का?” नाही म्हणा, कोरुनातच पैसे कापू द्या, हो म्हटलंत की दर मशीन ठरवतं. आणि मुळात रोख लागतेच किती? ट्राममध्येसुद्धा कार्ड टेकवून तिकीट निघतं. शनिवार-रविवार आम्ही किल्ला पाहिला, चार्ल्स पुलावर गर्दीत धक्के खाल्ले, १४१० सालच्या घड्याळासमोर मान वर करून उभे राहिलो, आणि दोन दिवसांत रोख लागली ती फक्त स्वच्छतागृहात.

परतीच्या गाडीत संकेतने खर्चाच्या अ‍ॅपवर दोनशे युरोंची नोंद टाकली, नाव दिलं ‘बेलारूस दर्शन’. तिघांचे हिशेब मिटले. ओंकारचे पन्नास अजून यायचेत. तो म्हणतो, मी आतच चला म्हणत होतो. आणि म्हणत होता खरा.